मुका मार आणि सव्वाचारची गाडी

शनिवार, १४ जुलै १९७९. सकाळी साडेनऊ. सातपूर, कारखान्याचं कॅन्टीन.

हजर: शिकवणारे सुभेदारसाहेब (देवळाली कॅम्पहून), प्रेस खात्याचे मिस्त्री, पॅकिंगच्या मावशी, दिवसपाळीचे वॉचमनकाका आणि टाइम ऑफिसमधून (हजेरी, गेटपास) मी. चहापर्यंत विद्यार्थी चार, चहानंतर तीन. विषय: रक्तस्राव आणि रक्त साकळणे.

वहीत एवढंच आहे. चहानंतर कोण गेलं ते लिहिलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. विजेच्या टंचाईत भागवार सुटी ठरे, त्यामुळे सातपूरचे कारखाने शनिवारी बंद असत आणि सुटी मिळाली की मिस्त्री देवळ्याला पळत. गावाकडे त्यांची थोडी जमीन होती, कांद्याची लागण चालली होती, आणि बायको-मुलं तिकडेच होती. प्रथमोपचाराच्या वर्गासाठी त्यांनी निम्मा शनिवार दिला हेच खूप होतं. चहा पिऊन ते सुभेदारसाहेबांना सलाम करून गेले. त्या निम्म्या वर्गाची किंमत पाच महिन्यांनी कळली. ती कशी, हे सांगायला बसले आहे.

कारखाना लहान होता. पत्र्याचे डबे आणि त्यांची झाकणं करायचो. कामावर प्रथमोपचार शिकलेली माणसं असली पाहिजेत असा वरून आदेश आला, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी चार नावं काढली. मिस्त्री, कारण सर्वांत जास्त बोटं त्यांच्या खात्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर, कापायची. मावशी, कारण बायका पुरुषाला जखम दाखवत नाहीत. वॉचमनकाका, कारण ते कायम फाटकावर. आणि मी, कारण औषधाच्या पेटीची किल्ली माझ्याकडे होती. पेटीत तेव्हा आयोडीन, मलम, कापूस, चार पट्ट्या आणि एक गंजलेली कात्री होती.

सुभेदारसाहेबांनी लष्कराच्या दवाखान्यांत वीस-बावीस वर्षं जखमा बांधल्या होत्या. मूळचे साताऱ्याकडचे, पण बोलण्यात कॅम्पातली हिंदी इतकी मुरलेली की कुठलं वाक्य कुठल्या भाषेत संपेल याचा नेम नसे. आल्या आल्या त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. चिळकांडी, ओघळ, पाझर.

त्यांचं म्हणणं असं की डोळ्यांना दिसणारं रक्त तीनच प्रकारे येतं. धमनी कापली तर लालभडक चिळकांडी, हृदयाच्या ठोक्यासरशी उडणारी. तिथे आधी अंगठा दाबायचा, बाकीचं नंतर. शीर कापली तर काळपट ओघळ, संथ पण थांबायचं नाव नाही. हात किंवा पाय वर उचलायचा आणि घट्ट पट्टी. आणि खरचटलं तर नुसता पाझर, त्याला पाणी आणि स्वच्छ फडकं पुरे. मिस्त्रींनी हे लगेच पाठ केलं. त्यांच्या खात्यात तिन्ही प्रकार होऊन गेले होते. कोणाचं बोट, कोणत्या मशीनवर, असे दाखले त्यांनी इतके दिले की सुभेदारसाहेब म्हणाले, तुम्हीच शिकवा, मी चहा पितो.

वॉचमनकाकांचा एप्रिल-मे महिन्यात घोळणा फुटायचा. फाटकावर ऊन, डोक्यावर पत्रा. त्यांचा उपाय म्हणजे मान मागे टाकून आकाशाकडे बघत बसणं आणि डोक्यावर कांदा ठेवणं. सुभेदारसाहेबांनी त्यांना बाकावर पुढे वाकून बसवलं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायला लावला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं तसंच ठेवलं. मान मागे टाकली की रक्त घशातून पोटात जातं, ते मग उलटून पडतं, आणि घरचे रक्ताची उलटी झाली म्हणून रडत बसतात, हे त्यांनी काकांच्या चिमटीकडे बघत बघतच समजावलं. काका नाकात बोलत होते, "साहेब, कांदा ठेवला तर चालेल का?" साहेब म्हणाले, ठेवा, रक्ताला काही फरक पडत नाही.

चहा झाला, मिस्त्री गेले, आणि मग उरलेले दोन धडे झाले. एक साकळण्याचा, एक न दिसणाऱ्या रक्ताचा.

साकळण्यासाठी साहेबांनी आमचं फाटक वापरलं. पाळी सुरू होताना सगळे एकदम आत घुसतात, आवारात गर्दी होते. हे रक्त जास्त आल्यामुळे साकळणं. डोळे आले की लाल होतात, लाजलं की गाल तापतात, गळू झालं की भोवती गरम लागतं, ते हे. आता दुसरा प्रकार. पाळी सुटली, पण वॉचमनने फाटक उघडलं नाही. येणारे तेवढेच, पण जाणारे अडकले. हेही साकळणंच, पण हे रक्त थंड आणि काळपट, आणि अंगात पाणी सोडतं. पाय सुजतात ते असे. हृदय दमलं तर छाती भरते, माणसाला आडवं झोपवत नाही, तेही असंच. "गर्दी दोन्हीकडे," साहेब म्हणाले, "पण एकीकडे माणसं जादा, दुसरीकडे रस्ता बंद. इलाज वेगळा."

मग त्यांनी मावशींना पाय पुढे करायला सांगितले. मावशी पॅकिंगच्या टेबलापाशी दिवसभर उभ्या असत. पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी होत्या, संध्याकाळी चपलेचा पट्टा बसत नसे. साहेबांनी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"साहेब," मावशी म्हणाल्या, "पाय आहे माझा, कणीक नाही."

पण त्या खड्ड्याकडे स्वतःच बराच वेळ बघत राहिल्या. वीस वर्षांत सूज म्हणजे थकवा एवढंच त्यांना वाटलं होतं. दुपारच्या सुट्टीत पाय वर ठेवून पडायचं आणि कामाला मधूनमधून स्टूल घ्यायचं, एवढंच साहेबांनी सांगितलं. स्टूल मागायचं कोणाकडे, असा प्रश्न मावशींनी विचारला आणि माझ्याकडे बघितलं. मी वहीत लिहिलं.

शेवटचा धडा आला आणि साहेबांनी विचारलं, सर्वांत धोक्याचा मार कोणता? आम्ही म्हणालो, चिळकांडी. साहेब म्हणाले, नाही, मुका.

मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि मलाही आवरेना. साहेबांच्या मराठीत 'मुका मार' हे दोन शब्द हुकमासारखे येत होते, मुका, मार, आणि त्याचा अर्थ कोणीही भलताच घेतला असता. वॉचमनकाका म्हणाले, या वयात? साहेबांना हसण्याचं कारण कळायला अर्धं मिनिट लागलं. कळल्यावर तेही हसले, पण मग फळ्याकडे वळून म्हणाले,

"हसून घ्या. बाहेर येतं ते रक्त सरळ असतं, सांगून जातं. आतल्या आत जातं ते चोर. कातडी शाबूत, कपडे स्वच्छ, आणि माणूस पोटात रिकामा होतो."

त्याच्या खुणा त्यांनी आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतल्या. चेहरा फिका. थंड घाम. नाडी वेगाने आणि बारीक. तहान, सारखी तहान. माणूस चिडतो, एका जागी बसत नाही. आणि डाव्या बरगडीखाली मार लागून डावा खांदा दुखत असेल तर पांथरी, म्हणजे प्लीहा, फुटली समजायची, कारण पोटातली दुखापत कधी कधी खांद्यात बोलते. काय करायचं: आडवं झोपवा, पाय उंच करा, पाणी नाही, शेक नाही, चोळायचं नाही, आणि दर दहा मिनिटांनी नाडी मोजून लिहून ठेवा. एकदा मोजलेली नाडी काही सांगत नाही, चार वेळा मोजलेली सांगते.

वर्ग सुटला. मी सोमवारी अपघाताची नवी वही आखली. पुढून लाल शाईत रक्ताचे अपघात. उलटी धरून मागून निळ्या शाईत मुका मार, म्हणजे किरकोळ. लाल नोंद झाली की मॅनेजरसाहेबांना कळवायचं. निळी झाली की पेटीतला मलम द्यायचा आणि घरी जाऊन आंबेहळद लावायला सांगायचं. सगळ्या कारखान्यात हेच वळण होतं. मुका मार म्हणजे लागलं, पण विशेष नाही. मी वर्गात बसून खुणा पाठ केल्या आणि वही मात्र जुन्याच समजुतीने आखली. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

शुक्रवार, ७ डिसेंबर. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, देवळ्याला मिस्त्रींच्या थोरल्या मुलीला बघायला सटाण्याकडची मंडळी येणार होती. आठवडाभर सगळ्या खात्यांना ते माहीत होतं. मिस्त्रींनी अडीचला सुटी मागून ठेवली होती आणि सव्वाचारची गाडी धरायची होती. नवा शर्ट पिशवीत होता.

दोनच्या सुमाराला पत्र्याच्या गठ्ठ्यांची ढकलगाडी उतारावरून मागे आली आणि तिचा दांडा मिस्त्रींच्या डाव्या कुशीत बसला. ते खाली बसले, दोन मिनिटांनी उठले, मोरीवर जाऊन हात-तोंड धुतलं, दोन पेले पाणी प्यायले, नवा शर्ट घातला आणि माझ्या खिडकीशी पास घ्यायला आले.

मी विचारलं, रक्त आलं का? नाही म्हणाले. मी वही उलटी केली आणि निळ्या शाईत लिहिलं: प्रेस खाते, मिस्त्री, मुका मार, डावी बाजू. त्यांनी पाणी मागितलं. माठातून मीच पेला भरून दिला. तो रिकामा करून ते म्हणाले, अजून एक द्या.

त्या दुसऱ्या मागण्याने माझा हात थांबला. डिसेंबर होता, मी स्वेटर घालून बसले होते, आणि मिस्त्रींच्या कपाळावर घाम होता. पुसला तरी परत येत होता. आणि उजव्या हाताने ते आपला डावा खांदा दाबत होते. मी विचारलं, खांद्याला लागलं का? ते म्हणाले, "तिथं काय नाय लागलं, पण तोच लय ठणकतोय."

मी पास खणात परत ठेवला आणि त्यांना आत बोलावून बाकावर बसवलं. नाडी मोजली. दोन पस्तीस, ब्याण्णव. सांगितलं, तीन वाजेपर्यंत आडवे व्हा. नाडी तेवढीच राहिली तर पास देते आणि स्टँडपर्यंत रिक्षाही बोलावून देते.

मिस्त्री आडवे झाले नाहीत. बसल्या बसल्या मला शिकवायला लागले.

"बाई, साहेबानी काय सांगितलं व्हतं? चिळकांडी, ओघळ, पाझर. तिन्हीतलं काय हाय माझ्याकडं, दाखवा. हा बघा शर्ट, एक ठिपका नाय."

यावर उत्तर द्यायला मला अर्धा वर्ग त्यांना ऐकवावा लागला असता. मी एवढंच म्हणाले की त्या दिवशी तुम्ही चहानंतर गेलात आणि चौथा प्रकार राहिला. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. दोन पंचेचाळीस, शंभर.

तोवर खात्यातले दोघे शेकायला गरम वीट फडक्यात गुंडाळून घेऊन आले. आमच्याकडे मुक्या मारावर वीट हा पहिला उपाय. मी मावशींना निरोप धाडला होता, त्या नेमक्या त्याच वेळी दारात आल्या. त्यांनी वीट घेतली, बाहेर नेऊन टाकली आणि परत येऊन मिस्त्रींच्या उशाशी बसल्या. दोन पंचावन्न, एकशे आठ. कागदावर तिन्ही आकडे एकाखाली एक होते. मिस्त्रींना मी ते दाखवले. ते म्हणाले, बायकांनी हात धरल्यावर कोणाची पण वाढल.

पण नंतर त्यांचं बोलणं बदललं. मिस्त्री आमच्याशी कारखान्यातली मराठी बोलत, अहिराणी फक्त गावाकडच्या माणसांशी. आता ते एकाएकी उठून उभे राहिले आणि माझ्याच अंगावर ओरडले, "माले काहीच व्हयनं नई! पास द्या!" आणि भिंतीला टेकले. ओठ पांढरे पडले होते. चिडणं आणि एका जागी न बसणं ही खूण मला पुस्तकी वाटली होती. ती अशी, भाषा बदलून येईल, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं.

पास देण्या-न देण्याचा अधिकार माझा होता, पण मोठ्या माणसाला धरून ठेवायचा अधिकार कोणाचाच नव्हता. ते खरंच चालू लागले असते तर वॉचमनकाकांनी फाटक उघडलं असतं. वर मुलीचं स्थळ. मी चुकले असते तर एका बापाला नसत्या संशयापायी अडवलं म्हणून कारखाना मला जन्मभर बोलला असता, आणि ते रास्तच ठरलं असतं. मावशी बसल्या जागेवरून, आवाज न चढवता म्हणाल्या,

"मिस्त्री, पोरीला बघायला येणाऱ्यांना बाप दाखवायचाय की बापाचा फोटो?"

मिस्त्रींनी मावशींकडे बघितलं. मग सावकाश खाली बसले आणि आडवे झाले. तीन वाजून पाच मिनिटं, एकशे वीस, आणि इतकी बारीक की दोनदा हरवली.

कारखान्यात गाडी एकच, मालाचा टेम्पो, आणि तो भरलेला. मॅनेजरसाहेब बाहेरगावी. ड्रायव्हर म्हणाला, लेखी पाहिजे. मी पासाच्याच पाठीवर 'माल माझ्या जबाबदारीवर उतरवला' असं लिहून सही केली. प्रेस खात्याने डब्यांचे खोके उतरवायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात मी पेटीला कुलूप लावून टेम्पोपाशी पोचलेही नव्हते. मिस्त्रींना पोत्यांवर झोपवलं, पायांखाली दोन खोके. मावशी चढल्या, मी चढले. त्र्यंबक रस्त्याने शहरात शिरेपर्यंत मिस्त्री पाणी मागत होते आणि मावशी ओला पदर त्यांच्या ओठांना लावत होत्या. मध्येच ते डोळे मिटून म्हणाले, या बाईने मरत्या माणसाला पाणी नाकारलं, हे देवळ्यात सांगणार. मावशी म्हणाल्या, सांगा की, सांगायला जिवंत तर पोचा.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मिस्त्रींआधी माझा कागद बघितला. पाणी किती आणि केव्हा, हे विचारलं. दोन पेले मोरीवर, एक मी दिला, असं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. पोटाला हात लावला, सुई घालून पाहिली. सुईत रक्त आलं. जखम कुठेही नसलेल्या माणसाच्या पोटातून. ते बघेपर्यंत माझ्याही मनात कुठेतरी निळी शाईच होती.

ऑपरेशनला रक्त हवं होतं आणि तेवढंच कारखान्यातून भरून द्यायला हवं होतं. मी फोन केला. टेम्पो परत जाऊन माणसं घेऊन आला. रक्त दिलं की माणूस खंगतो, जड काम होत नाही, असं त्या वेळी पक्कं मानत. टेम्पोत चढलेल्यांपैकी काही जण सुया ठेवलेला ट्रे बघून चहा प्यायला गेले ते गेलेच. रांगेत पहिल्या मावशी. त्यांच्या बोटातून थेंब घेऊन तपासला आणि तिथल्या बाईंनी सांगितलं, तुमचंच रक्त कमी आहे, तुमचं घेता येणार नाही.

मावशी रागाने लाल झाल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चाळीस वर्षं संसारात रक्त आटवलं, आणि आज पहिल्यांदा कोणाला द्यायला आले तर म्हणतात शिल्लक नाही."

रांगेतली माणसं हसली आणि त्या हसण्यात दोघं-तिघं न पळता पुढे सरकली. मी दिलं. वॉचमनकाकांनीही दिलं आणि टेबलावर पडल्या पडल्या विचारलं की आता उन्हाळ्यात घोळणा कमी फुटेल का.

दिवेलागणीला सर्जन बाहेर आले. पांथरी चिरली होती, काढून टाकली. पोट रक्ताने भरलेलं होतं. म्हणाले, गाडीत बसला असता तर पिंपळगावच्या पुढे गेला नसता. मावशी तोपर्यंत ताठ होत्या, त्या वेळी मात्र बाकावर बसल्या आणि पहिल्यांदा पाय वर घेतले.

देवळ्याला तार केली. शनिवारचा कार्यक्रम रद्द झाला असं आम्ही समजलो. पण सटाण्याची मंडळी रीतीची होती. चौकशीला म्हणून पुढच्या शनिवारी दवाखान्यात आली, आणि मुलगीही वडिलांपाशी होतीच. मिस्त्री खाटेवर, पोटाला पट्ट्या, वर तोच नवा शर्ट. मुलीने थर्मासमधला चहा दिला. मावशींनी घरून कांदेपोहे करून आणले होते. मुलाला दोन प्रश्न मिस्त्रींनी विचारले, बाकीचे मावशींनी. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनीही एक विचारला. मुलाच्या काकांनी पोहे दोनदा घेतले आणि पंधरा दिवसांनी नकार कळवला. मिस्त्रींना फारसं वाईट वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, ज्या स्थळासाठी मी जीव द्यायला निघालो होतो ते एवढंच होतं होय. मुलीचं पुढच्या वर्षी मालेगावकडे जमलं. लग्नाला आम्ही सगळे त्याच टेम्पोने गेलो. मांडवात मिस्त्रींनी पाण्याचा पहिला पेला मला आणून दिला आणि भोवतालच्यांना कारण सविस्तर सांगितलं.

मिस्त्री ऑपरेशननंतर दोन महिन्यांनीच कामावर आले होते. पांथरी नसली तरी भूक वाढली असं सांगत. ताप आला की अंगावर काढायचा नाही, लगेच दाखवायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ते मी वहीत लिहिलं आणि दर पावसाळ्यात आठवण केली. मावशींना स्टूल मिळालं. रक्तवाढीच्या गोळ्याही घेतल्या, पण दुसऱ्यांदा तपासायला मात्र कधी गेल्या नाहीत. आता त्या निवृत्त आहेत. मला इंदिरानगरात भेटायला येतात तेव्हा आधी दिवाणावर पाय पसरतात.

अपघाताच्या वहीचं काम मी त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारीच केलं. निळी शाई बंद. एकच नोंद, एकच शाई, आणि प्रत्येक नोंदीपुढे पाच रकाने: चेहरा, घाम, नाडी, तहान, खांदा. राहिला तो फलक.

प्रेस खात्याबाहेर मोठा फलक लावायचा ठरलं. वर तीन ओळी सोप्या होत्या. चिळकांडी, ओघळ, पाझर, आणि प्रत्येकापुढे काय करायचं. चौथ्या ओळीत मी 'अंतर्गत रक्तस्राव' लिहून दिलं. पेंटरने ते खडूने उतरवलं आणि वॉचमनकाका वाचून म्हणाले, "हा कुठल्या नियमाअंतर्गत?" आमच्या नोटीस बोर्डावरचं प्रत्येक परिपत्रक कशाच्या ना कशाच्या अंतर्गत निघायचं. निम्म्या कामगारांनी तेच समजून घेतलं असतं. पुसलं. 'मुका मार' लिहावं तर माणसं हळद आणायला घरी जातात. 'आतला मार' म्हणजे काय, ते कोणालाच कळेना. 'पोटातलं रक्त' लिहिलं तर मावशी म्हणाल्या, ते सगळ्यांच्याच पोटात असतं. मिस्त्री आमच्याकडून ऐकलेलं आठवून म्हणाले, 'चोर रक्त' लिहा, पण साहेबांचा तो वर्ग न ऐकलेल्याने त्यावरून काय समजावं? सुभेदारसाहेब तोपर्यंत साताऱ्याला गेले होते. त्यांना पत्र घातलं. उत्तर आलं की शब्द कुठलाही लिहा, नाडी मोजायला शिकवा. तेही खरं, पण फलक शब्दांचाच होतो.

तेव्हा तीन ओळी रंगवल्या आणि चौथीची जागा पिवळी कोरी ठेवली. नवीन माणूस कामावर आला की त्या कोऱ्या जागेपाशी उभं करून मिस्त्री स्वतः शर्ट वर करून पोटावरची शिवण दाखवत, आणि तेवढ्याने भागत होतं. पण मिस्त्री या मार्चला निवृत्त झाले. फलकाचा रंगही उडाला आहे, आणि पेंटर बुधवारी नव्याने रंगवायला येणार आहे. चौथ्या ओळीसाठी माझ्याकडे अकरा शब्दांची यादी आहे. त्यातले नऊ खोडले आहेत. उरलेले दोन नव्या पोरांना वाचून दाखवायचे आहेत आणि त्यांना काय समजलं ते विचारायचं आहे. ते बुधवारच्या आत व्हायला हवं. अजून झालेलं नाही.